नोझुकोची मान्यता

मी एक जुना शब्दकोश आहे, मित्रांनो. झोसा भाषेतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून झोसात नेणारा. डुटीवा गावच्या नोझुकोला मी शाळेत बक्षीस मिळालो आणि लग्नानंतर तिच्या सासरी आलो.

तिला मान्यताप्राप्त भाषांतरकार व्हायचे होते. मान्यता मिळाली की तिच्या शिक्क्याचे कागद कोर्टात चालणार होते. परीक्षेला शब्दकोश नेता येई, म्हणून म्थाथा शहरात मीही गेलो. झोसात करायचा उतारा दवाखान्याच्या इंग्रजी सूचनेचा होता : पाणी उकळून प्या. आमच्याकडे सून सासऱ्यांच्या नावातला शब्द तोंडी आणत नाही. नोझुकोच्या सासऱ्यांच्या नावात पाण्याचा शब्द होता. लिहितानाही तिचा हात धजला नाही. तिने सगळीकडे सुनांनी वापरायचा आडशब्द लिहिला. ती नापास झाली. ‘हा शब्द सर्व रुग्णांना कळणार नाही,’ असा शेरा होता.

“मकोटी, तोंड का उतरलंय?” सासूबाईंनी विचारले. सुनेला त्या मकोटीच म्हणत. कारण ऐकून त्या हसल्या. “अगं वेडे, ते जाऊन नऊ वर्षं झाली. जिवंतपणी तरी त्यांनी कधी कागद वाचला होता?”

“पण आई, पूर्वज रागावतील.”

“रागावले तर माझ्यावर रागावू देत. तू लिही.”

पुढच्या वर्षी तिने पाण्याचा खरा शब्द लिहिला. माझ्या पानावर तिच्या घामेजल्या अंगठ्याचा डाग पडला. ती उत्तीर्ण झाली.

मान्यता टिकवायला वर्षातून एक दिवस प्रशिक्षणाला जावे लागे. सहा वर्षे ती गेली. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला. नणंदा शेजारीच राहत. नोझुको दरवर्षी त्यांना प्रशिक्षणाची तारीख सांगे. “तू घरीच असतेस, तूच बघ,” त्या म्हणत. सलग तीन प्रशिक्षणे चुकली. सासूबाईंना माती दिली त्याच आठवड्यात पत्र आले : नाव यादीतून काढले आहे, पुन्हा परीक्षा द्यावी.

नंतर शेजारचे म्हातारे म्बुलेलो आपल्या मुलाच्या मृत्यूचा दाखला कोर्टासाठी भाषांतर करून घ्यायला आले.

“पोरी, मार की शिक्का. कोण बघतंय?”

“ताता, मी बघतेय ना.” वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे ताता म्हणतात.

म्हातारा कागद घडी करून दुसऱ्या भाषांतरकाराकडे जायला म्थाथाच्या गाडीकडे निघाला. नोझुकोने मला पुसले आणि पेटीत ठेवले. मी अजून तिथेच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी अशी तारीख सांगितली, तर त्या दिवशी आजाऱ्याच्या उशाशी तुम्ही बसा. नोझुकोला वर्षातला एकच दिवस हवा होता.