देवानं माफ केलं म्हणे

देवानं आपल्याला माफ केलं, असं पीयूषनं कॉलेजच्या कँटीनसमोर चारचौघांत सांगितलं, तेव्हा मयुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केलं असेल देवानं. देवाचं काय गेलं होतं? गेलं होतं ते तिच्या बापाचं.

दोन वर्षांपूर्वी प्रेमदास लेकीच्या ॲडमिशनसाठी देवळीहून वर्ध्याला आला होता. सकाळी वावरात जाऊन तसाच बसमध्ये बसलेला, पायांना काळी माती. ऑफिसच्या नव्याकोऱ्या फरशीवर पावलं उमटली. रांगेतला पीयूष मोठ्यानं म्हणाला, "काका, वावरच घेऊन आले का? पुसा आता." पोरं खिदळली. प्रेमदासनं खांद्यावरचा दुपट्टा काढला, गुडघ्यावर बसला आणि फरशी पुसली. लेकीची ॲडमिशन बिघडू नये, एवढंच त्या माणसाच्या डोक्यात होतं. मयुरी गप्प राहिली. ते गप्प राहणं तिला अजून टोचायचं, आणि त्याचंही खापर ती पीयूषवरच फोडायची.

घरी त्या दिवसाचा विषय कोणी काढला नाही. दुपट्टा मात्र धुऊन खुंटीवर गेला तो तिथंच राहिला.

आता हा पीयूष प्रफुल्ल सरांच्या ख्रिस्ती विद्यार्थी गटात शिरला होता. सरांचं डोकं वेगळं चालायचं. पत्रकं वाटली की पोरं त्यात भजी गुंडाळतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून दर शुक्रवारी ते कँटीनच्या ओट्यावर खुर्ची, घमेलं आणि कोमट पाणी मांडायचे. येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते. इथं चिखल तुडवत येणाऱ्या कुणाचेही धुऊन मिळत. प्रवचन नाही. कुणी विचारलंच, का करता, तर सांगायचं. पोरं आधी टिंगल करायला आली, मग खरंच विचारू लागली. पीयूष पाय धुवायचा आणि आपण किती माजोरडे होतो ते सांगायचा. शेवट ठरलेला, देवानं माफ केलं.

मयुरीनं फोन लावला. "बाबा, शुक्रवारी कॉलेजात या. वावरातून सीधे या. पाय धुवू नोका."

"काऊन वं पोरी?"

"या म्हणते ना."

प्रेमदास आला. घोट्यापर्यंत चिखल, अगदी मनासारखा. खांद्यावर खुंटीवरचा तोच दुपट्टा होता, पण मयुरीचं तिकडे लक्षच गेलं नाही. तिचा बेत साधा होता. बापाला खुर्चीवर बसवायचं, आणि हे पाय कुणाचे ते सगळ्यांदेखत सांगून पीयूषची जिरवायची.

पीयूषनं मान वर न करता एक पाय धुतला, बोटांच्या बेचक्यांतली मातीसुद्धा काढली. तोंडानं त्याची कहाणी चालूच होती. कहाणी 'देवानं माफ केलं'पाशी पोचली तशी मयुरीनं तोंड उघडलं.

तेवढ्यात प्रेमदास उठला. ओट्याच्या पांढऱ्या फरशीवर तीन पावलं चालला आणि थांबला. मागे न धुतलेल्या पायाचे चिखलाचे ठसे. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला. मयुरीला वाटलं, आता हा पुन्हा पुसायला बसणार, आणि या वेळी त्याला आपण आणलंय.

"ओळखलं का बाबू?" प्रेमदासनं विचारलं.

पीयूषनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ठशांकडे पाहिलं, दुपट्ट्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उतरलं.

"घे. पूस."

कुणी हसलं नाही. पीयूष गुडघ्यावर बसला आणि त्यानं ते ठसे पुसले. मयुरीनं डोळे भरून पाहिलं. तिला फार बरं वाटलं, आणि त्याची तिला अजिबात लाज वाटली नाही.

"काका, चुकलं माह्यं," पीयूष म्हणाला. "माफ करा."

"देवानं केलं म्हणत होता ना तू? त्यानं त्याचं केलं. मले कोणी इचारलं नाई."

"आता इचारून राह्यलो, काका." त्यानं दोन्ही हातांनी दुपट्टा पुढे केला.

प्रेमदासनं हात लावला नाही. "असा मळका देतं? धुवून आणजो. देवळीले, घरी. तवा पाहू."

मग तो खुर्चीवर जाऊन बसला आणि त्यानं चिखलाचा पाय पुढे केला.

"हा राह्यला."