माझ्या हुकाला लटकलेलं बुडापेस्ट

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. विज्ञानाच्या पुस्तकात माझं चित्र तुम्ही पाहिलंच असेल, आणि बहुतेक त्याला मिश्याही काढल्या असतील! वर कडी, खाली हूक, मध्ये पितळी तोंड आणि पोटात एक स्प्रिंग. एवढाच माझा संसार. पण परवा या हुकाला चक्क युरोप लटकला होता! थांबा, पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म राजकोटच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी सुरतेला एका लूमखात्यात आलो. लूमखातं म्हणजे जिथे यंत्रमागांवर साड्यांचं कापड विणतात ते. तिथे इतका खडखडाट असायचा की माणसं हातवारे करूनच बोलायची. मी सुताची पोती तोलायचो. शेठ माझ्या तोंडावर टिचकी मारून म्हणायचे, "आ कांटो खोटुं नथी बोलतो!" हा काटा खोटं बोलत नाही, हे ऐकलं की माझी स्प्रिंग उगाचच थरथरायची.

मग लाल आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आला, आणि मी भंगारात. तिथून मला बळीरामभाऊंनी उचललं. ते त्याच खात्यात कारागीर. "शेठ, नेऊ का हा?" "लई जा ने!" अशी शेठची परवानगी मिळून मी सुरतेतल्याच डिंडोलीला भाऊंच्या घरी आलो आणि सरळ माळ्यावर जाऊन पडलो. गणपतीच्या लायटिंगच्या माळा गळ्यात घालून बसायचं, दुसरं काम नाही. गंज चढला. वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

बळीरामभाऊंची मोठी मुलगी रुपाली शिकायला बुडापेस्टला गेली. बुडापेस्ट ही हंगेरी देशाची राजधानी. हे मला माळ्यावर बसूनही पाठ झालं, कारण धाकटी धनश्री ते रोज गल्लीभर सांगत फिरायची. आता रुपालीचा पदवीदान समारंभ होता आणि तिने आईबाबांना बोलावलं होतं. बळीरामभाऊ आणि सुषमाताई, दोघांचा पहिलाच विमानप्रवास, तोही चारच दिवसांचा. धनश्रीची दहावीची परीक्षा, म्हणून ती शेजारच्या प्रमिलाबाईंकडे राहणार होती. पण सगळी तयारी तिच्याच हातात!

"पहाटे चारला आंघोळी उरकायच्या," बाबांनी बेत सांगितला. "राजवाडा, पूल, चर्च, सगळं दुपारपर्यंत संपवू. वणी, त्र्यंबक, शिर्डी एका दिवसात केलं होतं की!"

"बाबा, तिथे पहाटे चारला कोण दार उघडून बसलंय?"

"मग रांगेत पहिला नंबर आपलाच!"

धनश्रीने कपाळावर हात मारला. तिने बेत बदलून टाकला. एक दिवस समारंभ, एक दिवस नदीकाठ आणि पूल, एक दिवस नुसतं रुपालीताईबरोबर भटकायचं. उरलेला दिवस थकायचा!

विमानात प्रत्येकी एकच मोठी बॅग, आणि तिलाही वजनाची मर्यादा. तेव्हा बाबांना माझी आठवण झाली. काय सांगू तो आनंद! त्यांनी मला पुसलं, तेलाचे दोन थेंब दिले आणि झोपाळ्याच्या कडीला टांगलं. बाबांची बॅग मी सहज उचलली. पण सुषमाताईंची बॅग लटकली आणि माझा काटा मर्यादेच्या पार पुढे पळाला! कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, शेव, लोणच्याची बरणी. वर प्रमिलाबाई मेथीच्या लाडवांचा डबा घेऊन हजर.

"माझ्या भाच्याला द्या. लंडनला असतो."

"मावशी, हे बुडापेस्ट आहे!" धनश्री म्हणाली.

"मग? गावाला जाताना तुझी आई अमळनेरला उतरून धरणगावला डबे पोचवतेच ना? तसंच!"

त्यांचं काय चुकलं? या गल्लीतला माणूस गावाला कधी एकटा जातच नाही. सगळ्यांचे डबे त्याच्याबरोबर जातात.

"काहीतरी काढ बाई," बाबा म्हणाले. सुषमाताईंनी तळातून एक गाठोडं गुपचूप बाहेर काढलं. माझा काटा सरसर मर्यादेच्या आत आला. बाबांनी टाळी वाजवली.

धनश्रीने गाठोडं सोडलं. आत स्वेटर, चालायचे बूट आणि समारंभासाठी घेतलेली मोरपंखी साडी!

"आई! हे काय काढलंस?"

"मला काय, अंगावरची एक, बरोबर एक, बास. समारंभाला तुझे बाबा बसतील. त्या मोठ्या लोकांत मी काय करू? मी रुपालीच्या खोलीवर भाकरी टाकून ठेवीन." मग त्या घरच्या अहिराणीत पुटपुटल्या, "तिले तठे कळण्यानी भाकर कोन देई?"

मित्रांनो, मी बरोबर वजन दाखवलं होतं. तरी मला कसंतरीच झालं. इतक्या लांब जाऊन ही माऊली मुलीचा समारंभच पाहणार नव्हती!

 धनश्रीने थेट रुपालीला व्हिडिओ कॉल लावला आणि बॅग दाखवली.

"आई," रुपाली म्हणाली, "मैत्रिणींना मी ओळख काय करून देऊ? ही माझी आई, की हा आमचा कुरिअरवाला?"

सुषमाताईंना हसू फुटलं. "तुला भाकरी नको का?"

"हवी ना! पण एकदाच, आणि पीठ मी मळणार. तू बसून शिव्या घालायच्या. आणि स्टेजवरून मी तुलाच शोधणार आहे. बाबा तर झोपतील!"

"मी कशाला झोपेन?" बाबा ओरडले.

"ताईच्या दहावीच्या सत्काराला घोरत होतात," धनश्री म्हणाली.

सुषमाताईंनी साडीवरून हात फिरवला. मग खाली बसल्या आणि एकेक डबा बाहेर काढू लागल्या. पिठाची एक पिशवी तेवढी राहिली. "माझ्या भाच्याचं नशीबच फुटकं," असं म्हणत प्रमिलाबाईंनी लाडू तिथेच सगळ्यांना वाटून टाकले. बॅगेत स्वेटर गेला, बूट गेले, सगळ्यात वर मोरपंखी साडी.

बॅग पुन्हा लटकली. माझा काटा मर्यादेच्या बराच अलीकडे थांबला.

"अजून बरंच बसेल की!" बाबांनी बिबड्यांची पिशवी उचलली.

सुषमाताईंनी बॅगेवर हात ठेवला. "राहू द्या. ती जागा माझी. येताना मला आवडेल ते आणीन."

"काय आणशील?"

"ते तिथे गेल्यावर ठरवीन. आत्तापासून कशाला सांगू?"

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी पहिल्यांदाच लांब निघालं, तर बॅग भरताना त्यांना एकदा विचारा, "यात तुझं काय आहे?" आणि आम्हा ताणकाट्यांनाही सांभाळा. काम झालं की ओझं लगेच उतरवा. स्प्रिंग कायम ताणलेली राहिली की तिला शून्यावर परतताच येत नाही. धनश्रीने बॅग उतरवली, मी झर्रकन शून्यावर आलो, आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं!