तोरणमाळच्या चढावर पडणारा काटा

“पडना, पडना! पाय उचल भो!” सॅम्युअल ओरडला.

योगेंद्रनं पाय उचलला. बॉनेटखालची शिट्टी उतरत गेली, आणि राणीपूरच्या पुढं, तोरणमाळचा घाट जिथं अंग दाखवायला लागतो तिथं, ती बुटकी काळी गाडी कडेला येऊन थांबली. पेट्रोलचं प्रेशर दाखवणाऱ्या, काचेवर चिकटपट्टीनं बांधलेल्या गेजचा काटा पार तळाला लोळत होता.

“देखं? तुन्हा पंप फुसका शे, मिस्तरी.”

“पंपले नाव ठेवू नको.”

“मंग कोनले ठेवू? गेजले?”

योगेंद्र तापीकाठच्या केळीवाल्या गुजर घरातला एकुलता एक. त्यानं ही गाडी जुनी घेतली होती, पण बापाच्या जिवाला ती नव्या ट्रॅक्टरच्या खर्चापेक्षा जास्त लागली. तिच्या इंजिनाच्या पट्ट्यावर शिट्टी घालत सुपरचार्जर फिरायचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. जितकी हवा कोंबाल तितकं पेट्रोल मागून आलं पाहिजे. ते कमी पडलं तर इंजिन आतून भाजून निघतं. ते कमी पडू नये म्हणूनच सॅम्युअलनं चैत्रात टाकी उतरवून तिच्यात मोठा पंप बसवला होता. मग केळीची कापणी आली, गाडी सगळा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा शेडमध्ये झाकून राहिली. पोळा झाल्यावर योगेंद्रनं ती घाटात घातली आणि पहिल्याच चढावर पेट्रोलचं प्रेशर बसलं.

प्रेशर बसलं ते बसलं, योगेंद्रनं शहाद्याच्या ट्रॅक्टर स्टँडवर त्याची दवंडीही पिटली. सॅम्युअल मूळचा नवापूरकडच्या डोंगरातला. शहाद्यात डिझेल पंप खोलता-जोडता त्याचे केस पिकले होते. गिऱ्हाईक सगळं तापीपट्ट्यातलं, आणि तापीपट्ट्यात एका ओट्यावरचं बोलणं दुसऱ्या ओट्यावर पोचायला मोबाईल लागत नाही. दोन जुनी गिऱ्हाइकं ट्रॅक्टर घेऊन परस्पर दुसरीकडे गेली. जाताना नमस्कार मात्र वाकून करून गेली. सॅम्युअलनं तो नमस्कार बरोबर योगेंद्रच्या नावे टाकला.

बसवलेल्या प्रत्येक पंपावर तो लाल रंगाचा ठिपका द्यायचा. “कोनी खोला ते समजाले पाहिजे, हाई मन्हं काम शे,” म्हणायचा. नम्रपणा हा माल त्याच्या दुकानात कधीच मिळत नसे. आता त्याच ठिपक्याची लोक टर उडवत होते. त्यानं फिल्टर बदलला. पंपाला थेट बॅटरीवरून नवी वायर ओढली. वायरिंगच गेलं आहे असं छातीठोक सांगितलं आणि ते खोटं निघाल्यावर घरी बायकोशी भांडला. प्रेशरचा रेग्युलेटर दुसरा लावून पाहिला. दुकानात गाडी कितीही रेटा, काटा खिळ्यासारखा उभा. चढाला लागली की आडवा. शेवटी त्यानं योगेंद्रला सांगितलं होतं, “घाटमा चाल. तठेच धरसू तिले.”

मागून पिकअप आला. त्यातून योगेंद्रचे वडील रतिलालभाई उतरले. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, पांढरं धोतर, हातात जाडजूड दोर.

“झायी का बंद? मी दोर लयेल शे,” त्यांनी सॅम्युअलला विचारलं. आवाजात काळजी होती की समाधान, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

गाडी घरात आल्यापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचं तर मधे कुणीतरी लागे. आज ते काम सॅम्युअलकडे आलं होतं.

“त्याले इचारा, टाकीमा पेट्रोल तरी शे का?” रतिलालभाई म्हणाले. मुलगा हातभर अंतरावर उभा होता.

“त्यासले सांगा, टाकी भरेल शे,” योगेंद्र म्हणाला.

“बठ्ठं आयकू येस त्यासले,” सॅम्युअल वैतागला. “मी काय टॉवर शे का?”

योगेंद्रला राग आला. त्यानं तरातरा जाऊन टाकीचं झाकण उघडलं, बापाला दिसेल असं धरलं, आणि पुन्हा घट्ट लावलं. झाकण निघताना फुस्स झालं. सॅम्युअलनं ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

गाडी पुन्हा चढाला लागली. काटा उभा राहिला. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

“चांगली चालनी की!” योगेंद्र म्हणाला, आणि काटा पडला.

सॅम्युअलनं मनात हिशेब मांडला. आत्तापर्यंत चालली, मग आत्ताच का थांबली? मधल्या थांब्यात कुणी काय केलं होतं? शिव्या आणि झाकण, दोनच गोष्टी. शिव्यांनी गाडी चालत असती तर ती केव्हाच तोरणमाळला पोचली असती. आणि दुकानात? तिथं तपासायच्या आधी दर वेळी तो स्वतः झाकण काढून टाकीत डोकावत होता.

तो उतरला, टाकीपाशी कान नेला आणि झाकण हळूच फिरवलं. टाकीनं बुडता माणूस वर येऊन श्वास घेतो तशी हवा आत ओढली.

“भो, इना गया दाबायेल शे,” तो स्वतःचा गळा धरून म्हणाला. “पेट्रोल जास, पन त्याना जागावर हवा येत नई. पंप ओढी ओढी थकस. आते झाकन ढिलं ठेवस. तू चाल. दया करू नको.”

योगेंद्रनं दया केली नाही. शिट्टी कानात घुसली, झाडं मागं पळाली, आणि घाटाच्या सगळ्यात उभ्या वळणावरही काटा जागचा हलला नाही. सॅम्युअल खिडकीची कड धरून नुसता त्या काट्याकडे बघत होता, पोराचा पेपर तपासला जात असताना बाप बघतो तसा.

वर सपाटीला थांबल्याबरोबर तो मागच्या चाकाशी पाठीवर आडवा झाला. टाकीला हवा देणारी बारीक नळी त्यानं बोटानं चाचपत शेवटापर्यंत नेली. टोकाला काहीतरी कडक होतं. पेचकसानं उकरलं तर हातात कपड्याच्या पिवळ्या साबणाचा बोळा आला. अंगठ्यानं नीट दाबून बसवलेला.

हा हात त्याच्या ओळखीचा होता. फवारणीच्या इंजिनांच्या झाकणांवरच्या हवेच्या भोकांतून असा साबण त्यानं कितीदा काढला होता. पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून तापीकाठचे जुने लोक ती भोकं बुजवायचे आणि इंजिन बंद पडलं की मिस्तरीला नावं ठेवायचे. गाडीखालून त्याला पांढऱ्या धोतराखालचे जोडे दिसत होते. पिकअप मागोमाग वर आला होता. जोडे अगदी जवळ येऊन थांबले होते.

तो बोळा हातात घेऊन बाहेर आला.

“साबन?” योगेंद्र भडकला. “टाकी तूच उतारी व्हती! तुन्हंच काम हाई. आनि मी घाट घाट फिरी ऱ्हायनू! स्टँडवर सांगस आते सगळास्ले.”

सॅम्युअलनं तोंड उघडलं. महिनाभर साठवलेली सगळी उत्तरं जिभेवर होती. त्यानं रतिलालभाईंकडे पाहिलं. टोपी हातात घेऊन ते टाकीकडे बघत होते. सॅम्युअलनं तोंड मिटलं. हा तोटा त्याला कुठल्याच खात्यावर टाकता येणार नव्हता, तरी मिटलं.

“मी लावा,” रतिलालभाई म्हणाले. सॅम्युअलला नाही, मुलाला.

योगेंद्रला पहिल्यांदा कळलंच नाही की आपल्याशी कुणी बोललं.

“उन्हायामा शेडमा पेट्रोलना वास ये. रोज ये. उडी जास ना सगळं.”

“तुम्ही तं म्हनेत, गाडी भंगारमा इकसू.”

“ते इकसूच,” रतिलालभाई म्हणाले. “पन तोपर्यंत पेट्रोल कसाले उडू देवानं?”

योगेंद्र हसला नाही, पण त्याला दुसरीकडे बघावं लागलं.

“झाकन घट्ट लाई आखो एक चक्कर मारनी पडी,” सॅम्युअल म्हणाला. “त्याशिवाय मी खरं मानत नई. काटा देखाले एक मानूस पाहिजे.” त्यानं आपल्या बाजूचं दार उघडून धरलं. “रतिलालभाई, बठा. खाले पडना ते आरडा, दुसरं काई काम नई.”

रतिलालभाई दाराशी घुटमळले. एवढ्या बुटक्या गाडीत कसं बसतात हे त्यांना माहीत नव्हतं.

“बापू, पयले बूड टेका, मंग पाय,” योगेंद्र आतून म्हणाला.

दार लागलं. गाडी गेली. पंप चांगला होता, असं जाताना दोघांपैकी कुणी म्हणालं नाही.

सॅम्युअल कडेच्या ओहळाशी उकिडवा बसला. खालच्या वळणांवरून शिट्टी उतरत गेली, वळली आणि पुन्हा वर चढू लागली, कुठंही न तुटता. ती ऐकत तो हातावर साबणाचा तुकडा घासत राहिला. साबणाला पेट्रोलचा वास येत होता, पण फेस बरा निघत होता.