रुमालाखालचा सौदा

सुभेदार लालासाहेबांनी ट्रॅक्टर विकला तेव्हा कडेगावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. मुलगा पुण्यात, शेत वाट्यानं दिलेलं, मग ट्रॅक्टर काय पुजायला ठेवायचा? पण त्या पैशात म्हातारा पियानो घेणार, आणि तोही खोलीभर पसरणारा, तीन पायांचा ग्रँड पियानो, हे कळलं तेव्हा मात्र अख्ख्या गावाची करमणूक झाली. "बायकू गेली आन् सुभेदाराचं डोस्कं फिरलं," असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे. लोकांना बोलायला विषय पाहिजे, एवढंच.

डोकं चांगलं ठिकाणावर होतं. लालासाहेब फौजेच्या बँडमधले. क्लॅरिनेट वाजवायला म्हणून भरती झाले आणि पुढं मेसमधल्या पियानोवर बसले ते पेन्शनीत निघेपर्यंत. साहेबलोक जेवायचे, हे कोपऱ्यात वाजवायचे. अंबूबाईनं, त्यांच्या बायकोनं, जन्मात एकदाही ते ऐकलं नाही. "कवातरी आमास्नी बी ऐकवा की," असं हे सुट्टीवर घरी आले की ती म्हणायची आणि हे म्हणायचे, "पेन्शनीत आलो की ऐकवतो." पेन्शनीत आले तर उसाची लागण आली, विहिरीचं काम आलं, शेवटी तिचं दुखणं आलं. दोन वर्षांमागं ती गेली आणि ते राहूनच गेलं.

पण पियानो तिच्यासाठी नव्हता. तो होता शिवांजलीसाठी. शिवांजली ही त्यांची नात, एकुलती एक, पुण्यात पियानोच शिकत होती. सुट्टी जवळ आली की लालासाहेब फोन करायचे, आणि मुलगा शिवतेज ठरलेलं बोलायचा, "तात्या, तिची परीक्षा असते. रोज सराव लागतो. गावाला पियानो कुठंय?"

बस्स. म्हाताऱ्यानं तेवढंच वाक्य घट्ट धरून ठेवलं. पियानो असला तर पोरगी येणार, सुट्टीभर राहणार. घरात कुणीतरी पळेल, दारं आपटील, भात नको म्हणून रुसेल. ज्या घरात दिवसभरात फ्रिज तेवढा बोलतो, त्या घरातल्या माणसालाच हे कळायचं.

पैसे होते चार लाख. तेवढ्यात नव्या ग्रँडचं नुसतं झाकण आलं असतं. म्हणजे जुनाच बघायचा, आणि जुना घ्यायचा म्हणजे डोळ्यांत तेल घालून. साताऱ्यात एका बंगल्यात एक होता, त्याला वाळवीनं आतून पोखरलेलं. मग शिरवळला हायवेलगत एका गोदामात परदेशातून आलेले वापरलेले पियानो मिळतात असं कळलं. तिथला एक काळाभोर, असा चकचकीत की त्यात बघून दाढी करावी. लालासाहेबांचं मन बसलंच होतं त्याच्यावर.

पण बैल घेताना कुणी नुसतं अंगावरचं तेज बघून घेतं का? ते बॅटरी घेऊन पियानोच्या खाली उताणे पडले, लाकडाला चीर नाही ना ते बघितलं. मग उठून खालच्या पट्टीतला एकच सूर धरला आणि दणादणा बडवायला लागले. गोदामवाला धावत आला. "आवं काका, मोडंल की त्यो!"

"मोडू दे," लालासाहेब म्हणाले, आणि मग तोच सूर दुसऱ्या सुराशी जुळवून बघितला. उतरला होता. तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या, त्या खुंट्याच लाकडात ढिल्या होत्या. आज सूर लावला तर आठवड्यात पुन्हा रडगाणं. गोदामवाल्यानं भाव कमी केला, चहा मागवला, आणखी कमी केला. लालासाहेब चहा पिऊन निघाले. एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले, आणि मे महिना तोंडावर आला या विचारानं त्यांना रडूच यायला लागलं.

सांगलीचा पियानो मोबाइलवर सापडला. मालक अण्णाप्पा, हळदीचे जुने अडत्ये, जैन, आता धंदा बंद करून घरी बसलेले. दार उघडलं ते त्यांनीच. उंच, वाळलेला म्हातारा, खांद्यावर पांढराशुभ्र पंचा.

"या की, या. बसा. पानी घ्या. आन् आधी वाजवून बघा. वाजवल्याबिगर भावाचं बोलायचं न्हाई, सांगून ठेवतो."

माजघरात तो उभा होता. तपकिरी, जुना जर्मन, झाकणावर एक लांब ओरखडा. चकाकी अशी काही नाहीच. लालासाहेब खाली उताणे पडले, वरून बघितलं, तारा बघितल्या, तारांवर पडणाऱ्या हातोड्यांवरचं बनातीचं कापड बोटानं चाचपलं. मग एक सूर धरून बडवला. मनात नको नको ते येत होतं. सूर जागचा हलला नाही. पुन्हा बडवला. नाही म्हणजे नाहीच हलला! असा गुणी पियानो त्यांनी मेसमध्येसुद्धा बघितला नव्हता.

मग ते बसले आणि वाजवायला लागले. संध्याकाळी झेंडा उतरवताना बँड वाजवायचा ती एक संथ चाल. संपल्यावर मागून आवाज आला, "अजून एक."

दुसरं वाजवलं. "अजून एक."

लालासाहेब मनातून सुखावले. इतकी वर्षं वाजवलं, पण 'अजून एक' असं कुणी म्हणाल्याचं त्यांना आठवेना. मान वळवली तर स्वयंपाकघराच्या दारात अण्णाप्पांची बायको चंदनबाला ओल्या हातानं तशीच उभी होती, आणि अण्णाप्पा डोळे मिटून खुर्चीत बसले होते. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तरी लालासाहेब वाजवतच होते.

"आता भाव बोलूया, आण्णा," अखेर ते म्हणाले.

"बोलूया की. पण आपल्या पद्धतीनं." अण्णाप्पांनी खांद्यावरचा पंचा काढला.

ही पद्धत लालासाहेबांनाही ठाऊक होती. बैलबाजारात असंच चालायचं आणि सांगलीत पूर्वी हळदीचा भावही असाच ठरायचा. दोघांनी हात रुमालाखाली घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागत नाही. एकानं 'दिला' म्हणेपर्यंत सौदा चालूच.

पंच्याखाली अण्णाप्पांनी लालासाहेबांचा सगळा पंजा दाबला. मग पुन्हा पंजा. दहा लाख! लालासाहेबांनी चार बोटं दाबली. अण्णाप्पांनी पुन्हा दोनदा पंजा. लालासाहेबांनी पुन्हा चार. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मग लालासाहेबांच्या ध्यानात आलं की समोरचा हात आता काही दाबतच नाही. नुसता धरून बसलाय.

"सोडा की त्या मानसाचा हात!" दारातून चंदनबाला कडाडल्या. "किती गिऱ्हाइकं परत पाठवायची अशी? यायलेत, वाजवायलेत, आन् ह्ये दहा लाख सांगालेत!" मग लालासाहेबांकडं वळून त्या म्हणाल्या, "आवं, आमच्या लेकीचा, ब्राह्मीचा हाय त्यो. तिनं दीक्षा घेतली तवा कपडे, दागिने, समदं वाटून टाकलं. ह्योबी देऊन टाका म्हनाली. आता पोरगी म्हनायची न्हाई तिला, माताजी हाईत त्या. दर्शनाला गेलं की आमीच पाया पडतो. गेल्या खेपंला त्यांनी इचारलं, त्यो पियानो दिला का? आन् ह्ये म्हनत्यात, भाव जुळंना, माताजी! त्यागी मानसाम्होरं खोटं!"

"खोटं कुठाय?" अण्णाप्पा पुटपुटले. "खरंच जुळत न्हाई."

चंदनबालांनी पदर तोंडाला लावला. अण्णाप्पा हळूच म्हणाले, "मला वाजवता येत न्हाई, सुभेदार. हिलाबी येत न्हाई. विकायचा म्हटलं की कोनतरी येतंय, वाजवून बघतंय. तेवढंच घरात तिच्यावानी कायतरी ऐकू येतंय."

आता तुम्ही म्हणाल, लालासाहेबांनी तिथून गुपचूप उठून यायला हवं होतं. म्हणा खुशाल. ते उठलेही असते. पण शिवांजली डोळ्यांपुढून हलेना. ते म्हणाले, "आण्णा, मला एक नात हाय. ह्यो घरात असला तर ती येनार हाय. माझ्यापाशी चारच हाईत, आन् ट्रॅक्टर इकून आनल्यात."

पंच्याखालचा हात बराच वेळ तसाच राहिला. मग त्या हातानं लालासाहेबांची चार बोटं एकदा दाबली, नीट, व्यापाऱ्यासारखी.

"दिला," अण्णाप्पा म्हणाले, आणि पंचा झटकून खांद्यावर टाकला.

पियानो आला तेव्हा गाव लोटलं. पाय काढून, आडवा करून, टेम्पोत उसाचं पाचट आणि वर गाद्या घालून लालासाहेबांनी तो आणला. ऊसतोडीची माणसं हाताशी होती म्हणून दारातून आत तरी आला. पुण्याहून माणूस बोलावून सूर लावून घेतले. मग शिवतेजला फोन केला. आवाज साधा ठेवायचा खूप प्रयत्न केला, पण फुशारकी लपतेय होय! "तिला म्हनावं, आजोबाकडं ग्रँड हाय. तुमच्या क्लासात तरी हाय का?"

आली. शिवांजली आली, शिवतेज आला, सूनबाई आल्या. शनिवारी दुपारी आले. पोरीनं परीक्षेचं सगळं वाजवून दाखवलं, आणि काय वाजवलं हो! लालासाहेबांचा ऊर भरून आला. "भारीय, आजोबा," ती म्हणाली. मग तिनं मोबाइलला रेंज कुठं येते ते विचारलं. रात्री उकाड्यानं तिला झोप लागली नाही. रविवारी पोळ्यांचं जेवण झालं, आणि शिवतेजनं गाडीत बॅगा ठेवल्या.

"सुट्टीभर राहनार होती न्हवं?" लालासाहेबांनी विचारलं.

"तात्या, तिचं पोहण्याचं शिबिर आहे. मैत्रिणी आहेत. दिवाळीत बघू."

अडचण पियानोची कधी नव्हतीच. ते एक आपलं सांगायचं कारण होतं. हे लालासाहेबांना गाडी वळणाआड गेल्यावर कळलं, आणि त्यांनी तिथल्या तिथं शिवतेजला माफही केलं, कारण त्यांनी तरी अंबूबाईला काय वेगळं सांगितलं होतं?

त्यानंतर ते रोज वाजवायला बसत. फौजेतल्या सगळ्या चाली वाजवल्या, अंबूबाई जात्यावर म्हणायची त्या ओव्यांची चालसुद्धा. चाल संपायची आणि मागून काही ऐकू यायचं नाही. मेसमध्ये कुणी ऐकत नसलं तरी काटेचमचे वाजायचे. इथं तेही नाही. घर खायला उठायचं.

एक दिवस त्यांनी पियानोचा फोटो काढला आणि मोबाइलवर जाहिरात टाकली, 'विकणे आहे. येऊन वाजवून पाहावा.' खरंच विकायचाय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पैसे मोकळे होतील, खोली मोकळी होईल. साताऱ्याचा एक हॉटेलवाला आला, सोबत वाजवणारा घेऊन आला. त्यानं झकास वाजवलं. लालासाहेब म्हणाले, "अजून एक." मग हॉटेलवाल्यानं साडेपाच लाख सांगितले, अगदी रोख.

"भाव जुळत न्हाई," लालासाहेब बोलून गेले.

आणि बोलल्यावर त्यांचे त्यांनाच ते शब्द ओळखीचे वाटले. हॉटेलवाला गेल्यावर ते कितीतरी वेळ उंबऱ्यातच बसून राहिले. सांगलीच्या त्या माजघरातनं आपण काय उचलून आणलं ते त्यांना आत्ता पुरतं कळलं होतं.

दोनच दिवसांनी फोन आला. "सुभेदार? अण्णाप्पा बोलतोय. पियानो इकायला काढलाय म्हनं. बघायला यावं म्हनालोय."

लालासाहेबांनी घर झाडून काढलं आणि हौसेनं कांदेपोहे केले. मग जैन माणसाला कांदा चालत नाही हे आठवून डोक्याला हात लावला, पोहे शेजारी देऊन टाकले आणि शिरा ढवळायला घेतला. अण्णाप्पा एसटीनं आले. दम लागलेला, खांद्यावर तोच पंचा, हातात चंदनबालांनी दिलेला डबा.

"माताजींना सांगितलं, दिला म्हनून," बसता बसता ते म्हणाले. "हसल्या त्या. लय बरं वाटलं. मग घरी आलो..." त्यांनी पाणी मागितलं.

लालासाहेबांनी वाजवलं. मागून आवाज आला, "अजून एक." हे ऐकायला लालासाहेब किती दिवस थांबले होते! त्यांनी ओव्यांची चाल वाजवली, आणि यावेळी अंबूबाईनंही ऐकली असं त्यांना वाटलं. दोघेही म्हातारे रडले, आणि एकमेकांना दिसू नये म्हणून एकानं चष्मा पुसला, दुसरा शिऱ्याचं बघायला आत गेला.

शिरा झाल्यावर अण्णाप्पांनी पंचा काढला. "बोला. कितीला देनार?"

दोघांनी हात आत घातले. अण्णाप्पांनी काही दाबलं नाही. लालासाहेबांनीही दाबलं नाही. बाहेर वैरण भरलेली गाडी गेली, शेळ्या गेल्या, शाळा सुटलेली पोरं खिडकीत डोकावून गेली. मग अण्णाप्पांनी दाराकडं बघितलं. दिवस बुडायच्या आत त्यांना जेवायचं होतं, आणि त्याआधी घर गाठायचं होतं.

"न्हाई जमायचं आज," हात काढून घेत ते म्हणाले. "तुमी लय सांगालाय."

"मग परत या की, आण्णा. घाई न्हाई."

"येतो. हिलाबी घेऊन येतो. एवढी मोठी वस्तू हाय, दहांदा बघूनच घ्याला पायजे."

लालासाहेब त्यांना एसटीत बसवून आले, आणि घरी आल्याबरोबर त्यांनी ती जाहिरात काढून टाकली.