बाकावरची दुसरी

पद्मजाबाईंनी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला, चष्मा पदराने पुसला आणि उजवा हात वर उचलला. वर्गात हा हात उचलला गेला की तिसरी ब-ची साठ तोंडं एकदम उघडायची.

“चिमणी चालली बाजाराला...”

फोनमधून आधी एक चिमणी आली. तिच्यामागून दुसरी, मग पाच-सहा एकमेकींच्या अंगावर पडत. कुणाचा बाजार कुणाच्या पदरात जाऊन पडला. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. बाईंचा हात हवेत तसाच राहिला.

“आई, ही कविता आहे की लालबाग मार्केट?” बाहेरच्या खोलीतून त्यांचा मुलगा हेरंब म्हणाला.

“हसतोस काय मेल्या. एकदम म्हणा सांगितलं तरी म्हणत नाहीत.”

“एकदमच म्हणतात गं. पोचतं मागेपुढे. ज्याचा त्याचा आवाज आपापल्या वेळेला येणार. ह्याच्यावर कोरस नाही व्हायचा कधी. सगळ्यांना म्यूट कर आणि एकेकाला घे.”

बाईंनी सगळ्यांचे माईक बंद केले. काचेपलीकडे कुणी बोलावं तशी ओळीने ओठांची हालचाल राहिली. मग एकेकाला घेतलं. प्रीतीची पाळी आली तेव्हा तिचा चौकोन नेहमीसारखा काळा होता, मध्ये नुसतं एक अक्षर.

“प्रीती, माईक उघड बाळा.”

माईक उघडला. पंख्याची घरघर ऐकू आली, कुणीतरी श्वास आत घेतला, आणि माईक मिटला. खाली अक्षरं उमटली : नेटवर्क नाही बाई.

शाळा बंद होऊन वर्ग फोनवर आला, त्या जूनपासून हेच. आता फेब्रुवारी लागला होता. बाईंनी वहीत तिच्या नावापुढे आणखी एक आडवी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका सुचित्राबाईंचा फोन आला. तोंडी परीक्षा मोबाईलवरच घ्यायची होती. मूल एकटं, कॅमेरा चालू, शेजारी घरातलं कुणी नाही. इतर शाळांमधून घरच्यांनी उत्तरं पुरवल्याच्या तक्रारी आल्या होत्या, म्हणून त्या स्वतः बसणार होत्या.

“आणि तुमची ती प्रीती,” त्या म्हणाल्या, “तिचे वडील येऊन गेले. म्हणे पोरगी मोबाईलपुढे नुसती बसते, तोंड उघडत नाही. ह्या परीक्षेतही तसंच झालं तर दाखला काढून साताऱ्याला आत्याकडे पाठवतो. मी काय सांगू त्यांना? वर्गात कशी होती ती?”

बाई आठवत राहिल्या. गेल्या वर्षी, दुसरीत, हाच वर्ग त्यांच्याकडे होता. दुसरं बाक, भिंतीकडची बाजू. दोन घट्ट वेण्या. कवितेत तोंड हलताना दिसायचं. साठ मुलांची तोंडी एकेकाची घेत बसलं तर महिना जायचा, म्हणून बाई बाकाबाकाने घ्यायच्या, दोघीदोघींची. हजेरी तर त्या नजरेनेच घ्यायच्या. प्रीतीचा एकटीचा आवाज कसा आहे, हे काही केल्या आठवेना.

संध्याकाळी मास्क बांधून बाई डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत गेल्या. दुसऱ्या मजल्याच्या लांब गॅलरीत दिवे लागत होते. प्रीतीच्या खोलीचं दार उघडंच होतं, पण बाई उंबऱ्याबाहेर थांबल्या. आत वंदना चालली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती, आणि तिच्यासमोर हात जोडून बसलेली तीन माणसं. पालीतले शब्द सावकाश, एका लयीत येत होते. आईचा आवाज खोल, वडिलांचा थोडा घोगरा, आणि दोघांच्या मधून विहिरीच्या पाण्यावर कळशी तरंगावी तसा एक लहान आवाज. स्वच्छ. कुठे अडखळ नाही.

वंदना संपली. वडील, राजरत्न, कामावर जायच्या घाईत होते. बाईंना नमस्कार करून म्हणाले, “बघा आता तुम्हीच. आमच्यानं तर होईना,” आणि डबा घेऊन निघाले.

प्रीतीची आई बकुळा स्टोव्हकडे वळली. “बसा ना बाई. चहा टाकते.”

“नेटवर्क कसं आहे हो इथे?”

“नेटवर्कला काय झालंय? हिचे पप्पा त्याच्यावर अख्खी मॅच बघतात.”

प्रीतीने मान खाली घातली. फ्रॉकची शिवण ती नखाने उसवत होती.

“चिमणीची कविता येते ना गं?” बाईंनी विचारलं.

मान हलली.

“म्हण बघू.”

“चि...” प्रीती म्हणाली. “चि... चि...” तिचे डोळे गच्च मिटले, हनुवटी वर उचलली गेली, मानेवरची शीर ताठ झाली. चिमणी काही बाहेर येईना. बकुळाचा हात साखरेच्या डब्यातच थांबला.

“लहानपणापासून असंच,” ती हळूच म्हणाली. “शाळा होती तोवर एवढं काही वाटलं नव्हतं. घरी येऊन सगळं कळतं म्हणायची.”

बाई खुर्चीवरून उठून खाली चटईवर, प्रीतीच्या शेजारी बसल्या. भिंतीकडची बाजू तिला सोडली. हात वर उचलला नाही, नुसतं म्हणायला लागल्या.

“चिमणी चालली बाजाराला,
दोन दाणे बांधले पदराला...”

दुसऱ्या शब्दालाच लहान आवाज त्यांच्या आवाजाला येऊन मिळाला.

“एक दिला वाटेत मुंगीला,
एक जपला उद्याच्या भुकेला.”

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही. कडवं संपल्यावर बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसत राहिल्या. वर्षभर समोर बसली होती ही. त्या गलक्यात ती सुखरूप होती, आणि त्याच गलक्यात बाईंना दिसली नव्हती.

निघताना त्या एवढंच म्हणाल्या, “पुस्तक जवळ ठेवा, बकुळाताई. शनिवारी अकरा वाजता तुम्ही कुठे असता?”

“घरीच. माझी दुपारपाळी.”

शनिवारी प्रीतीचा चौकोन पहिल्यांदा उजळला. दोन वेण्या, मागे धुतलेल्या चादरीचा पडदा. वरच्या कोपऱ्यात सुचित्राबाई, हातात पेन.

“सुरू कर हं, प्रीती,” पद्मजाबाई म्हणाल्या.

प्रीतीने बाजूला पाहिलं. श्वास घेतला. पडद्यामागून कुणीतरी तसाच श्वास घेतला.

“चिमणी चालली बाजाराला...”

पहिलं कडवं सरळ गेलं. संपताच सुचित्राबाईंनी पेन खाली ठेवलं.

“पद्मजाबाई, तिला कुणीतरी सांगतंय आतून.”

“सांगत नाहीये, बाई. मागचा आवाज तिच्या पुढे असता तर सांगणं झालं असतं. नीट ऐका, बरोबरीने आहे.”

“नियम एकटीचा आहे.”

“वर्गात मी बाकागणिक घेते. तुम्हाला माहीत आहे. दोघीदोघी.”

“मग ही दुसरी कोण?”

“तिच्या बाकावरची,” पद्मजाबाई म्हणाल्या.

सुचित्राबाईंच्या मागे भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, त्याचा काटा पुढे सरकला. चौकोनात प्रीती हात मांडीखाली दाबून बसली होती.

“बरं,” त्या अखेर म्हणाल्या. “पुढचं कडवं.”

“चिमणी परतली सांजेला,
कुलूप नव्हतं घरट्याला...”

इथे मागचा आवाज डळमळला. बकुळाने तीन दिवसांत जेवढं पाठ केलं होतं, ते बहुधा इथे संपत होतं. पडद्यामागे पुस्तकाची पानं घाईने उलटल्याचा आवाज आला.

“दाणा होता तसाच उशाला,” प्रीती एकटीच म्हणाली. आणि थांबली. “मुं...” हनुवटी वर जाऊ लागली. “मुं...”

पद्मजाबाईंनी बोट पुढे करून आपला माईक बंद केला. मग फोनकडे पाहत त्या आपल्या लालबागच्या स्वयंपाकघरात, रिकाम्या ओट्यासमोर, मोठ्याने म्हणाल्या,

“मुंगी बसली होती राखणीला.”

काचेपलीकडे प्रीती त्यांच्या ओठांकडे बघत होती. मग पोह्यांच्या डब्याला टेकलेल्या फोनमधून, नेहमीसारखी थोडी उशिरा, मुंगी आली आणि शेवटपर्यंत चालत गेली.

सुचित्राबाईंनी पेन उचललं.