कोऱ्या कापडाचा डाग

यंत्रमागांच्या वस्तीतल्या, कशेळीच्या एका गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. एका माणसाने कोऱ्या कापडावर तळवा टेकवला, दयासागर महाराजांनी तीर्थ शिंपडलं आणि कापड काळंनिळं पडलं. "देख लो, शरीरातलं विष! गोळ्या फेका, उपास करा, परत या!" परत आलेल्यांसाठी 'मंतरलेलं' कापड निघे. ते पांढरंच राही आणि टाळ्या पडत.

मी उन्नतीला शोधत आले होते. जन्मापासून एचआयव्ही असलेली ही पोर आमच्या दवाखान्यातल्या मुलांच्या विभागात गोळ्या घेत वाढली. मी तिथली समुपदेशक. अठरा पूर्ण झाल्यावर तिची फाइल मोठ्यांच्या केंद्रात गेली. फाइल पोचली, पोरगी पोचलीच नाही.

ती आजीला, राहीबाईंना टेकून बसली होती. गालाची हाडं वर आलेली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"गोळ्या?" मी हळूच विचारलं.

"बंद हायेत," राहीबाई म्हणाल्या. "म्हाराज बोलले, दवा नि देव एका पोटात ऱ्हात न्हाय."

मला राग आवरेना. तीर्थाला दवाखान्यातल्या मलमपट्टीचा वास येत होता. चेल्याच्या हातातली बाटली हिसकावून मी कोऱ्या कापडाच्या अख्ख्या ताग्यावर ओतली. कुणी हातही न लावलेलं कापड काळंनिळं झालं.

"महाराज, ताग्याला कोणता रोग?"

"नास्तिक बाई! तुझी नजर लागली कापडाला!"

राहीबाईंनी कापड चिमटीत चोळलं. त्यांच्या घरचेच लूम, म्हणजे यंत्रमाग. "आगं, ही तर खळ हाय!"

खळ म्हणजे विणण्याआधी सुताला देतात तो स्टार्च, आणि तीर्थ म्हणजे आयोडीन. भातावर टाकलं तरी हेच होईल. मंतरलेलं कापड नुसतं धुऊन खळ काढलेलं होतं. समोरच्या निम्म्या लोकांचे हात रोज लूमच्या ड्युटीवर त्याच खळीला लागतात, पण इथे कुणी कापड चोळून पाहिलं नाही.

महाराज मागच्या दाराने पसार झाले. उन्नती मात्र जागची हलली नाही.

"मला वाटलंच होतं, मॅडम."

"मग का आलीस?"

"मोठ्यांच्या केंद्रात गेले होते, तर लाइनीत आमच्या गल्लीतले दौलतकाका बसलेले. ओळखतील म्हणून मी दारातूनच मागे फिरले. तुमच्याकडे यायचं, तर तुम्ही बोललात, आता तू मोठी झालीस. यांनी निदान डोक्यावर हात ठेवला." ती रडू लागली. "गोळ्या परत लागू पडतील ना?"

"तपासल्यावर कळेल." खोटा धीर मला देववेना.

राहीबाईंनी तिचं मनगट धरलं. "दौलत तिथं गोलीसाठीच बसलाय ना? मंग त्याला कसली लाजतंस? उद्या मी बसन तुझ्याबरोबर."

कुणाच्याही सांगण्यावरून गोळी थांबवू नका. आणि अठराच्या मुलाची नुसती फाइल पाठवू नका, त्याच्यासोबत जा.