मार्सेलिनच्या चतुःसीमा

शेठच्या माणसांनी रोवलेले सागाचे आठ खांब मार्सेलिनने भर सकाळी, सगळ्या आळीसमोर उपटले. नुसते उपटले असते तर आम्ही एवढे हसलो नसतो. पण तिने ते धुतले, पुसले आणि आपल्या वलांडीला जोडून टाकले. दुपारपर्यंत शेठच्या खांबांवर बोंबील वाळत होते.

वलांडी म्हणजे बोंबील वाळवायच्या आडव्या बांबूंच्या रांगा. जबड्यात जबडा अडकवलेली बोंबलांची जोडी बांबूवर टाकायची, एक इकडे लोंबतो, एक तिकडे. उत्तनच्या किनाऱ्यावर पाऊस सरला की जिकडे बघावं तिकडे हेच. मार्सेलिनचं खळं, म्हणजे या वलांडीची मोकळी जागा, तिच्या सासऱ्याच्या वेळचं. नवरा जुझे गेल्याला बारा वर्षं झाली होती आणि ही बाई त्या खळ्यावर जगत होती. खळं गेलं तर तिने बोंबील काय डोक्यावर वाळवायचे?

भांडण उपटलं ते असं. खळ्याच्या पूर्वेला गॅब्रियलची वाडी होती. गॅब्रियल मुंबईला गोदीत कामाला लागला आणि अडतीस साली त्याने वाडी हरगोविंद शेठला विकली. शेठला दर्याची हवा खायला बंगला बांधायचा होता. मधला दलाल आमच्याच गावचा पास्कल. त्याने शेठला ओहोटीच्या वेळी आणलं, वाडीत उभं केलं आणि हात लांब करून सांगितलं, "शेठ, दर्यापर्यंत तुमचाच हाय." मधे मार्सेलिनचं खळं आहे हे सांगायला त्याची जीभ वळली नाही. पास्कलची जीभ नको तिथे फार वळायची आणि हवी तिथे मुळीच नाही. शेठने मग आपल्या कुंपणाचे खांब थेट खळ्यात रोवून घेतले.

खांब उपटल्याचं कळताच शेठ धोतर सावरत आला. नाकाला रुमाल होता.

"बाई, आ जमीन मारी छे. तुजी असेल तर कागद बताव!"

"कागद कसला? माज्या सासऱ्यानं खांब रोवले, ते काय कागदानं रोवले?"

"कागद बताव, बस! कागद!"

मार्सेलिनकडे कागद नव्हता. सासऱ्याने कधी केला नाही, नवऱ्याला कधी सुचलं नाही. आमच्याकडे खळं ज्याचं त्याचं असतं आणि ते कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. कागद कशाला लागतो? आता लागला.

शेठने ठाण्याला मामलेदाराकडे अर्ज टाकला. मार्सेलिन बैलगाडीने भाईंदर स्टेशन गाठून तिथून ठाण्याला गेली. तिथला कारकून म्हातारा आणि शांत होता. त्याने तिची सगळी बडबड ऐकून घेतली आणि म्हणाला, "बाई, तुमचा कागद नसला तरी शेजाऱ्यांचे असतील. प्रत्येक दस्तात चतुःसीमा लिहितात, म्हणजे चारी बाजूंना कोणाची जागा आहे ते. त्यांत तुमचं नाव निघालं तर तुमचा ताबा शाबीत करता येईल. शेजाऱ्यांकडून कागद घेऊन ठेवा. आठ दिवसांनी मी जागा बघायला येतो."

मार्सेलिन परत आली ती तोंड पाडूनच. तिला शेजारी तीन होते. पूर्वेचा शेठ. उत्तरेचा बेनेडिक्ट, त्याच्याशी सहा वर्षं अबोला. दक्षिणेचा तुळशीराम कोळी, त्याच्याशी अबोला नव्हता, रोज शिव्या चालू होत्या. पश्चिमेला समुद्र. भरती खळ्यात शिरली की त्यालाही ती सोडायची नाही, पण त्याच्याकडे कागद नसणार एवढं तिलाही कळत होतं.

दोन दिवस ती घरातल्या घरात धुसफुसली. तिसऱ्या दिवशी डोक्यावरचा पदर नीट करून बेनेडिक्टच्या दारात उभी राहिली. आम्ही सगळे कुंपणाला.

"बेनेडिक्ट, हायस का?"

बेनेडिक्ट सुपारी कातरत होता. त्याने वर बघितलं नाही. बायकोला म्हणाला, "कॉनी, दारात कोन बोलतंय गो? मला तर सा वर्सं झाली, आयकू येत न्हाय."

"बरा आयकतोस. तुमी भावांनी वाटनी केली त्याचा कागद पायजे."

"मंग आदी बोल, माड कोनाचा?"

हा माड म्हणजे त्या अबोल्याचं मूळ. बुंधा बेनेडिक्टच्या जागेत आणि शेंडा वाकून मार्सेलिनच्या खळ्यावर. नारळ पडायचे ते तिच्या बोंबलांत. ती म्हणायची, माझ्यात पडला तो माझा.

मार्सेलिनने ओठ घट्ट मिटले. मग खळ्याकडे एकदा बघितलं.

"माड तुजा."

"आनि नारल?"

"नारल बी तुजे. माज्या टालक्यात पडला तर टेंगूल तेवढा माजा."

कॉनी खुदकन हसली. बेनेडिक्टलाही हसू आलं, पण ते त्याने सुपारीबरोबर गिळलं आणि आत जाऊन पेटी उघडली.

तुळशीरामचं सोपं होतं. त्याच्याकडे दस्त नव्हता, तक्रारीची नक्कल होती. मार्सेलिनच्या खळ्यातलं घाण पाणी आपल्या होडीखाली येतं म्हणून त्याने मागे पोलीस पाटलाकडे अर्ज दिला होता. शाळामास्तरांकडून लिहून घेतलेला. एवढं शुद्ध लिहिलेलं घरात दुसरं काही नसल्यामुळे ते त्याने देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवलं होतं.

"देतो," तुळशीराम म्हणाला. "पन हरलीस तर मी भांडू कोनासंगती? त्या शेठसंगती? त्याला आपली एक शिवी बी समजायची न्हाय."

आठव्या दिवशी कारकून आला. खळ्यात पालथ्या टोपलीवर बसला. शेठ वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा, पास्कल त्याच्या मागे. कारकुनाने आधी बेनेडिक्टचं वाटणीपत्र वाचलं. "दक्षिणेस मार्सेलिनच्या वलांडी." मग तुळशीरामची तक्रार. "सदर मार्सेलिन ही वडिलोपार्जित खळ्यातून घाण पाणी सोडते, समजावल्यास अंगावर धावून येते."

"येते का?" कारकुनाने विचारलं.

"येते," सगळी आळी एका सुरात म्हणाली.

शेठ चिडला. "ए बधा एक गावचे लोक! मारा दस्त वाचो. रजिस्टर केलेला छे!" आणि त्याने मोठ्या डौलाने आपला दस्त पुढे केला.

दस्त मोडी लिपीत होता. शेठला गुजराती येत होती, मोडी येत नव्हती. जे पास्कलने वाचून दाखवलं ते त्याने खरं धरलं होतं. कारकून बोट फिरवत वाचू लागला. पूर्वेस रस्ता. उत्तरेस विहीर. दक्षिणेस पायवाट. पश्चिमेस...

"दर्या!" पास्कल घाईने म्हणाला.

कारकुनाने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. "पश्चिमेस मार्सेलिन भ्रतार जुझे, हिचे बोंबलाचे खळे. त्यापलीकडे समुद्र."

गॅब्रियल सरळ माणूस. लिहिणाऱ्याला त्याने होतं तसं सांगितलं होतं, आणि शेठने स्वतःच्या हाताने त्याखाली सही केली होती.

 आम्हाला वाटलं, आता मार्सेलिन नाचेल, शेठच्या नाकासमोर हात ओवाळेल. पण ती वाळूत बसली.

"परत वाचा," ती म्हणाली.

कारकुनाने परत वाचलं.

"जुझेचा बी नाव हाय त्यात?"

"आहे ना. हे बघा, इथे."

तिला अक्षर येत नव्हतं. तिने त्या जागेवर बोट ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. सगळ्यांचे कागद वेगळे, भांडणं वेगळी, आणि प्रत्येकाने तिचं नाव लिहून ठेवलं होतं. तुळशीरामसुद्धा दुसरीकडे बघायला लागला. त्या दिवशी मला ही बाई फार आवडली, खोटं कशाला बोलू?

कारकुनाने ताबा तिचाच असल्याचं लिहून घेतलं. शेठने रुमाल खिशात घातला आणि मग पास्कलला जे काही गुजरातीत सुनावलं ते आम्हा सगळ्यांना नीट समजलं. सागाचे खांब तेवढे त्याने परत मागितले. मार्सेलिन म्हणाली, बोंबील वाळले की ने. ते त्या मोसमात काही वाळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडावरून एक नारळ धपकन खळ्यात पडला. बेनेडिक्ट हसत हसत कुंपणापाशी आला. सहा वर्षांनी शेजार जुळला होता. त्याने हात पुढे केला.

"दे गो, मार्सेलिन. माजा नारल."

मार्सेलिन नारळ कमरेवर घेऊन उभी होती.

"तुजा? कोन बोलला?"

"अगो, तूच! माज्या दारात! सगल्यांनी आयकला!"

मार्सेलिनने नारळ दुसऱ्या कमरेवर घेतला.

"कागद बताव," ती म्हणाली.